मुंबईकरांची शरीरं पिढ्यानपिढ्या रोगांना सरावत जातात का?

दर पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो येतात, मग त्यांना तोंड देत मुंबईकर पिढीगणिक पक्के होत जातात का, असं तुम्ही विचारलंय. सरावाने नाही. तुम्ही आजारातून उठून कमावलेली प्रतिकारशक्ती तुमच्या नातवंडांना वारशाने मिळत नाही. पिढीगणिक बदल होतो तो वेगळ्याच वाटेने, आणि तो समजायला मुंबईच्या उंदरांकडे बघावं.

मी परळला वाढले, आता जीवशास्त्र शिकवते. आजी सांगायची, घरात उंदीर मरून पडला की लोक बिऱ्हाड हलवायचे. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला. माणसांच्या आधी उंदीर पटापट मरायचे. सगळे मात्र मरत नसत. ज्यांच्या अंगात जन्मतःच काही वेगळं होतं ते तगले, आणि पुढची पिल्लं त्यांचीच. उंदराची मादी दोन-तीन महिन्यांत वयात येते, म्हणजे वर्षात कित्येक पिढ्या! पुढे १९३०च्या दशकात, साहिबसिंग सोखी संचालक असताना, परळच्या हाफकिन संस्थेत निरनिराळ्या शहरांतले उंदीर तपासले गेले. मद्रासेत प्लेग फारसा झालाच नव्हता. तिथल्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचल्यावर बहुतेक मेले, मुंबईचे बरेचसे जगले. आमच्या गल्लीबोळातल्या उंदरांनी केवढी मोठी गोष्ट दाखवून दिली, याचं मला अजून नवल वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या सशांचंही तसंच. १९५० साली तिथे सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू सोडला. विषाणूचा जपून ठेवलेला एकच वाण दर वेळी वापरून मोजलं, तर सात साथींनंतर जन्मलेल्या सशांमधलं मरणाचं प्रमाण ९० टक्क्यांवरून सुमारे २५ वर आलं होतं. पण विषाणूही बदलत राहिला. ही शर्यत संपत नाही.

शिवाय ती फुकट नसते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं एक जनुक असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, पण आई-वडील दोघांकडून आलं तर मूल आयुष्यभर त्रास काढतं. गडचिरोली, नंदुरबारच्या घराघरांना हे ठाऊक आहे.

आता आपलं. मांडवीच्या प्लेगला माणसाच्या जेमतेम पाच पिढ्या झाल्यात, आणि मधल्या काळात लस आणि औषधांनी आपल्याला वाचवलं, ते बरंच झालं. लेप्टोच्या बाबतीत तर उंदीर आपल्या पुष्कळ पुढे आहे. तो जंतूला मारत नाही, मूत्रपिंडात बाळगतो आणि स्वतः सहसा आजारी न पडता लघवीतून बाहेर टाकत राहतो. तेच साचलेल्या पाण्यात मिसळतं. आपल्याला ते सोसत नाही. तेव्हा जुलैत गुडघाभर पाण्यातून घरी आलात, तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. पायाला जखम असेल तर अजिबात थांबू नका.