पोपट बायको बघेल की मी?

भावा, घरात बायकोच पोपट नीट बघेल की तू, असं विचारालास, पण पक्ष्याला बाई-गडी काय कळत नाही बघ, जो रोज वाटी धुतो अन् बोलत बसतो त्याचा तो. आमच्याकडं कॉकाटील (तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) हाय, मी संध्याकाळी शिट्टी शिकवून भाव खातो, पिंजऱ्याखालचा घाणीचा ट्रे मात्र बायको काढते, म्हणून तो तिच्या खांद्यावर बसून कानातलं ओढतोय अन् मला चोच मारतोय!

सुरवातीला एवढंच सांभाळ:
- हिरवा देशी पोपट कुणी फुकट दिला तरी नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळता येत नाही. बजी (छोटा रंगीत परदेशी पोपट) नाहीतर कॉकाटील घे.
- नुसतं राळं-सूर्यफूल घालू नको, कोथिंबीर, गाजर पण दे. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नको.
- पिंजरा स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्या वाफेनं पक्षी मरतोय.
- रात्री १०-१२ तास अंधार अन् झोप. आपल्या बेळगावच्या पावसात खिडकीजवळनं आत घे.

अन् घाई करू नको, मी दुसऱ्याच दिवशी हातात धरायला गेलो, बोट फोडून घेतलं. आठवडाभर नुसतं शेजारी बस, बोलायला शिकवायचं नंतर बघू की.