‘गेम मेंदूचा आहे, पण आता तो चोरून खेळतो’

“मॅडम, गेम आम्हीच आणला. मेंदूला व्यायाम देणारा आहे, मारामारीचा नाही. रोज रात्री सगळे मिळून खेळतो. काल रात्री दोन वाजता मुलगा पांघरुणाखाली टॅब घेऊन तोच गेम खेळताना सापडला. व्यसन लागलं असेल का?”

फोनवर वडील होते. आवाजात राग कमी होता, भीती जास्त. मुलाचं भलं व्हावं म्हणून आपण घरात आणलेली वस्तूच त्याला नडते आहे की काय, ही ती भीती. घरच्यांनी मिळून असे गेम खेळावेत का, त्यानं मुलाचं लक्ष सुधारतं का, की उलट पडद्याची सवय लागते, हे मला पालक वारंवार विचारतात. म्हणून या कुटुंबाची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

घरात पाच माणसं. आई-बाबा, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि बाबांची आई. ‘अभ्यासात लक्ष नसते, घाई करतो’ असा मुलाबद्दलचा शेरा शाळेतून दोनदा आला होता. एकाग्रता वाढवणाऱ्या गेमची जाहिरात बाबांच्या पाहण्यात आली. मुलाला एकट्याला खेळायला लावण्यापेक्षा सगळेच खेळू, म्हणजे त्याला शिक्षा वाटणार नाही, असा त्यांचा विचार होता. विचार चांगलाच होता, आणि मी त्यांना तसं म्हटलंही. रात्री साडेनऊला अर्धा तास, प्रत्येकाची एक पाळी, शेवटी सगळ्यांचे गुण भिंतीवरच्या तक्त्यात. पहिला आठवडा हसण्याखिदळण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात आजी म्हणाल्या, “माझे डोळे दुखतात, तुम्ही खेळा.” पाचव्या आठवड्यात मुलगा रात्री सापडला.

मुलाला मी एकट्याला भेटले. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

“रात्री खेळताना मजा येते?”

“नाही.”

“मग?”

“प्रॅक्टिस करत होतो. मी लास्ट येतो.”

“शेवटी आजी असायच्या ना?”

“आजी खेळायची बंद झाली. मग मीच राहिलो.”

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आजी होत्या तोवर तक्त्यात त्याच्याखाली एक नाव होतं. त्या उठल्या आणि रोज रात्री सगळ्या घरासमोर शेवटचा येणारा तो एकटा उरला.

व्यसनाची शंका आधी बाजूला काढली, कारण तिनं आई-बाबांची झोप उडाली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे आणि ते वर्गीकरण 2022 पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या आवडीनिवडींपेक्षा आणि रोजच्या कामांपेक्षा खेळ वरचढ होतो. नुकसान दिसत असूनही खेळणं सुरूच राहतं किंवा वाढतं. तेही साधारण वर्षभर दिसावं लागतं. हा मुलगा संध्याकाळी मैदानावर जात होता, मित्रांत रमत होता, टॅब मागत नव्हता. चोरून केलेली प्रत्येक गोष्ट व्यसनाची नसते. मूल कधी कधी लाज लपवण्यासाठीही चोरून वागतं.

पुढच्या भेटीला मी पाचही जणांना बोलावलं आणि सांगितलं, “टॅब घेऊन या. घरी खेळता तसंच वीस मिनिटं इथे खेळा.” मी मात्र पडद्याकडे पाठ करून, त्यांच्या चेहऱ्यांसमोर बसले.

आकार मनातल्या मनात फिरवून जुळवायचा खेळ आला. बाबा अजून मान तिरपी करून विचार करत होते तोवर मुलाचं बोट उत्तरावर पडलेलं. सलग सहा वेळा. चित्रांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या खेळातही तो बहिणीच्या बरोबरीनं होता. मग गटात न बसणारा शब्द ओळखायचा खेळ सुरू झाला आणि मुलगा पार बदलला. ओठ हलू लागले. बोट शब्दांखालून सरकू लागलं. एकदा त्यानं बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वेळ संपत आली तशी मिळेल त्या शब्दावर टिचकी मारून मोकळा झाला.

“बघा मॅडम, अशीच घाई करतो,” बाबा म्हणाले.

मी बहिणीला म्हटलं, “आता तू शब्द मोठ्यानं वाच. घड्याळ बंद.” तिनं पाच फेऱ्या वाचल्या. त्यानं पाचही शब्द बरोबर ओळखले. खोलीत कोणी काही बोललं नाही. त्याला शब्दांचा अर्थ कळत होता, गट कळत होता, लक्षही होतं. अडत होतं ते वाचनापाशी. वाचता येत नाही हे दिसण्यापेक्षा लक्ष नाही असं दिसलेलं बरं, हा हिशोब दहा वर्षांचं मूल फार पटकन शिकतं. वर्गातल्या ‘घाई’मागेही हेच असेल का, ही शंका मला तिथे आली. गेमवरून निदान होत नाही आणि माझ्या शंकेवरूनही होत नाही. म्हणून डोळे आणि कान तपासून घ्यायला आणि वाचनाच्या अडचणींचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांना भेटायला मी सुचवलं.

मग मी आजींकडे वळले. त्या आल्यापासून गप्प होत्या.

“आजी, डोळे अजून दुखतात का?”

“डोळ्यांचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “माझं वय एकाहत्तर. त्या गेमनं माझ्या मेंदूचं वय ऐंशी सांगितलं. तेव्हापासून घराचा हिशोबसुद्धा मी सुनेकडे दिलाय. चुकले तर?”

हिशोब सोडल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं कारण आज पहिल्यांदा कळलं.

मी नातवाच्या हातात घड्याळ दिलं आणि आजींना तोंडी हिशोब घातले. सात नव्वे, तेरा अधिक अठ्ठावीस, शंभरातून सदतीस वजा. उत्तरं फटाफट आली, बहुतेक बरोबर. “आजी, तू तर ताईपेक्षा फास्ट आहेस,” नातू म्हणाला. मग तेच हिशोब टॅबवर. उत्तर त्यांच्या ओठांवर यायचं आणि बोट योग्य आकडा शोधत फिरायचं. कधी स्पर्श लागायचाच नाही, कधी दोनदा लागायचा. तो सगळा वेळ गेमनं मेंदूच्या नावावर लिहिला होता.

‘मेंदूचं वय’ ही कल्पना कुठून आली, हे मी त्यांना सांगितलं. 2005 मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या हातातल्या खेळयंत्रावर असा गेम आला. त्यामागे तोहोकू विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ र्युता कावाशिमा यांचं काम होतं. त्यात झटपट गणितं, शब्द लक्षात ठेवणं, वेगळ्याच रंगात लिहिलेल्या रंगाच्या नावाचा रंग ओळखणं अशा चाचण्या होत्या, आणि निकाल वीस ते ऐंशी या वयांत मिळे. वीस सर्वांत चांगलं, ऐंशी सर्वांत वाईट. मोजपट्टीच ऐंशीला संपते. आजींच्या गेमचं गणित तसंच असेल, तर त्यांना मिळालेला ऐंशी म्हणजे ‘त्या दिवशी, त्या खेळात, सर्वांत खालची पायरी’ एवढंच. डॉक्टरांच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही.

तरी एक गोष्ट मी घरच्यांना आवर्जून विचारली, आणि वाचणाऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, नेहमीच्या पैशांच्या व्यवहारात वारंवार चुका होणं, यातलं काही दिसत असेल तर गेम वाढवू नका, डॉक्टरांकडे जा. आजींच्या बाबतीत असं काही नव्हतं. तरीही मनातली धास्ती जावी म्हणून एक नेहमीची तपासणी करून घ्या म्हटलं.

“पण मॅडम, फायदा होतो असं लिहिलेलं असतं,” बाबा म्हणाले. त्यांचा प्रश्न रास्त होता. खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, यात वाद नाही. ते कौशल्य खेळाबाहेर, अभ्यासात किंवा कामात उतरतं का, हा खरा प्रश्न. 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 11,430 प्रौढांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. सराव केलेल्या खेळांत ते सुधारले, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या वाटणाऱ्या चाचण्यांतही ती सुधारणा उतरलेली दिसली नाही. 2016 मध्ये अमेरिकेत ‘लुमोसिटी’ हे मेंदूच्या व्यायामाचे गेम देणारं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीवर फसव्या दाव्यांबद्दल तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि कंपनीनं 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. शाळेत, कामावर प्रगती होईल, म्हातारपणातला विसरभोळेपणा लांबेल, असे ते दावे होते.

दुसरी बाजूही मी सांगितली, कारण सगळंच निरुपयोगी म्हणणं खरं नाही. अमेरिकेतच 65 वर्षांवरच्या 2,832 लोकांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकेका गोष्टीचं प्रशिक्षण देऊन वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. तर्क आणि वेग यांत झालेली सुधारणा दहा वर्षांनीही काही अंशी टिकलेली दिसली. पण तीही मुख्यतः ज्याचा सराव केला त्याच कौशल्यात. तुमचा मुलगा दीड महिन्यात गेमच्या गणितात बराच पुढे गेला, शाळेतला शेरा मात्र तसाच राहिला. तुमच्या घरात दिसलं ते या संशोधनाशी जुळणारंच आहे.

“मग बंद करायचा का?” आईनं विचारलं.

मला तसं वाटत नव्हतं. मिळून खेळण्यात जे मिळतं ते गेमच्या गुणांमध्ये नसतं. मूल कोड्याला कुठून हात घालतं, कुठे थबकतं, हरल्यावर काय करतं, हे इतक्या जवळून पाहायला मिळण्याच्या जागा घरात फार थोड्या असतात. अभ्यास घेताना आपण चूक शोधत असतो. खेळताना चूक आपल्याकडूनही होते, आणि ती मुलाला दिसते. 2011 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, आई-वडिलांसोबत वयाला साजेसे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये घरच्यांशी जवळीक जास्त आढळली होती. मुलांमध्ये तसं आढळलं नाही आणि यावरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. माझा भार त्या वीस मिनिटांत मी स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर आहे.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी दीड महिना रोज त्याच्या शेजारी बसलो. पण बघत होतो टॅबकडे.”

त्या वाक्यानंतर बदल ठरवणं सोपं गेलं. गुणांचा तक्ता मुलानं स्वतः भिंतीवरून काढून टाकायचा. साडेनऊची वेळ रद्द, कारण दहा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि हा गेम नेमका तीच खात होता. टॅब झोपेच्या तासभर आधी बंद, तोही सगळ्यांचा. आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी, वीस मिनिटं. घड्याळ बंद करता येत असेल तिथे बंद. एका टॅबवर दोघं, एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं बोट लावायचं. आजी आणि नातू अशी जोडी मी मुद्दाम सुचवली. हिशोब आजींचा, बोट नातवाचं. शब्दांच्या खेळात आजींनी वाचायचं, ओळखायचं त्यानं. फेरी झाल्यावर ‘किती आले?’ ऐवजी ‘हे तुला कसं सुचलं?’ असं विचारायचं. आणि ज्याला खेळायचं नसेल त्यानं कारण न देता नाही म्हणायचं. मुलीला हे शेवटचं सर्वांत आवडलं. आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बाबांना स्पर्धा सोडणं जड गेलं. “गुण नाही मांडले तर प्रगती कळणार कशी?” असं त्यांनी पुढच्या दोन्ही भेटींत विचारलं. मी त्यांना घाई केली नाही. ज्या बापाला मुलाची काळजी वाटते तो मोजायला जातो. मोजणं थांबव म्हटलं की काळजी थांबव म्हटल्यासारखं वाटतं. मी फक्त एक काम दिलं. खेळ झाल्यावर मुलाबद्दल त्या दिवशी नव्यानं कळलेली एक गोष्ट वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात वहीत एकच ओळ होती. ‘तो आकार डोळे मिटून फिरवतो.’

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मूल्यमापन झालं होतं. वाचनात अडचण असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं होतं आणि आठवड्यातून दोन तास त्यासाठी वेगळी मदत सुरू होती. शाळेतला शेरा अजून पूर्ण गेलेला नाही. तो लगेच जाईल असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. आजींच्या तपासणीत काळजीचं काही निघालं नाही, आणि घराचा हिशोब त्यांनी परत आपल्याकडे घेतला आहे. गेम कधी आठवड्यात दोनदा होतो, कधी होतच नाही.

शब्दांच्या खेळात आता काय करता, असं मी मुलाला विचारलं. म्हणाला, “आजीला फक्त अवघड शब्द विचारतो. बाकीचे मीच वाचतो, खाली बोट ठेवून.”

“मग वेळ लागत असेल.”

“लागतो ना,” तो म्हणाला. “बाबा थांबतात.”