ऑटिझम असलेला मुलगा मोबाईल काढून घेतला की वस्तू फेकतो, चावतो. त्याला शिस्त कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ७ वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय आणि दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. मोबाईल काढून घेतला की हाताला लागेल ते फेकतो, अडवलं तर चावतो. सासूबाई म्हणतात, लेकराला कळत नाही, राहू दे. मिस्टर म्हणतात, दोन ठेवून दिल्या की सरळ येईल. लालबागच्या चाळीतली एक खोली, भिंतीपलीकडे शेजारी. शिक्षा करावी का, हा तुमचा प्रश्न.

फेकण्याचा परिणाम त्याला दिसलाच पाहिजे. पण तो लगेच व्हावा, लहान असावा आणि दर वेळी तोच असावा. 'आता चार दिवस मोबाईल बंद' याचा त्याला काही उपयोग नाही. आज मोबाईल का मिळत नाही याचा संबंध तो काल फेकलेल्या वाटीशी लावू शकत नाही. शिवाय चार दिवस तुमच्याच्यानेही निभणार नाहीत.

आधी आठवडाभर एक वही ठेवा. तीन रकाने पुरेत: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. खरी गोम तिसऱ्या रकान्यात असते. मूल असं वागतं ते बहुतेक वेळा चारांपैकी एका कारणाने: वस्तू हवी असते, काम टाळायचं असतं, कुणाचं लक्ष हवं असतं, किंवा त्या क्रियेतूनच शरीराला बरं वाटत असतं. कारण चुकलं की उपायही उलटा बसतो. अभ्यास टाळायला वही फेकणाऱ्या मुलाला कोपऱ्यात उभं केलंत, तर त्याला हवी होती ती सुट्टीच तुम्ही दिलीत.

तुमच्या वर्णनावरून इथे कारण पहिलं दिसतंय. मग निम्मं काम मोबाईल काढून घेण्याआधीचं आहे. गाणं अर्धवट असताना हातातून ओढू नका. एक गाणं संपलं की थांबायचं, आणि पुढचं आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमधून बंद करा. 'पाच मिनिटं राहिली' हे त्याला कळत नाही, पण वाळूचं घड्याळ दिसतं. पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन चित्रं लावा: आधी डबा, मग झोका. म्हणजे मोबाईल डब्यात ठेवला की लगेच झोका, किंवा त्याला आवडतं ते दुसरं काही. मोबाईलनंतर थेट अभ्यास किंवा जेवण ठेवलंत तर भांडण ठरलेलंच. सांगताना 'मोबाईल डब्यात', एवढे दोनच शब्द, आणि मग दहा सेकंद गप्प. ऐकलेलं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मध्येच पुन्हा बोललात की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याने स्वतः डब्यात ठेवला तर कौतुक त्याच क्षणी करा, तेही नेमकं: 'मोबाईल ठेवलास, छान.'

त्याला मागण्याचा मार्गही द्या. 'अजून' असं चित्र असलेलं कार्ड त्याच्या हाताशी ठेवा. सुरुवातीला त्याने शांतपणे कार्ड दिलं की दर वेळी एक गाणं जास्त मिळू दे. कार्ड चालतं हे पटल्यावर हळूहळू 'थांब' शिकवा. फेकणं बंद करायचं तर त्या जागी फेकण्यापेक्षा सोपं काहीतरी लागतं.

तरी फेकलंच तर मोबाईल परत नाही. रागावणं नाही, भाषणही नाही. तो शांत झाला की फेकलेल्यातली एक वस्तू त्याच्याकडून उचलून घ्या, लागलं तर हाताला हलका आधार देऊन. तिथे विषय संपला. ठरलेल्या पुढच्या वेळी मोबाईल नेहमीसारखा मिळाला पाहिजे. चांगल्या वागण्याचे तारे लावायचा तक्ता घरी असेल, तर त्यावर मिळवलेले तारे परत काढून घेऊ नका. कमावलेलं जातं म्हटल्यावर तो तक्ताच फाडेल.

सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. आरडाओरडा करून मिळायचं ते मिळेना, म्हणून तो आणखी जोरात करून बघतो. नेमकं तेव्हाच बहुतेक घरं हात टेकतात, आणि मूल शिकतं की एवढ्या जोरात ओरडावं लागतं. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री अकराला निभावणार नाही असं वाटलं तर त्या वेळी नियम सुरूच करू नका. द्यायचाच असेल तर पहिल्या मागणीला द्या, पंधराव्या किंकाळीला नको.

चावलं तर हात ओढू नका, कातडी फाटते. हलकेच त्याच्या तोंडाच्या दिशेनेच ढकला, म्हणजे पकड सुटते.

हे सगळं हट्टासाठी. गर्दीत, कुकरच्या शिट्ट्यांनी किंवा गणपतीतल्या ढोल-ताशांनी त्याचा पार तोल सुटतो, ती गोष्ट वेगळी. हट्टातलं मूल अधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. तोल सुटलेलं मूल वस्तू दिली तरी थांबत नाही. तेव्हा परिणाम-बिरिणाम काही नाही: आवाज कमी करा, माणसं बाजूला करा, वाट बघा. आणि वागणं अचानक बिघडलं तर दात, कान, बद्धकोष्ठ आणि झोप डॉक्टरांकडून तपासून घ्या. फिटचं औषध चालू असेल तर तेही सांगा, काही औषधांनी चिडचिड वाढते. पण स्वतःहून बंद करू नका.

सासूबाईंना समजावण्यात वेळ घालवू नका, त्यांना एक काम द्या: तो ओरडत असताना शेजारी बसायचं, काही बोलायचं नाही, काही द्यायचं नाही. मिस्टरांना सांगा, फटक्याने तो तेवढ्यापुरता थांबेल, पण राग आला की मारायचं, हेही त्यातूनच उचलेल. शिवाय चौदाव्या वर्षी तो त्यांच्या उंचीचा झालेला असेल.

बोलण्यासाठी बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचारांची चौकशी करा.

शाळेतही हेच नियम हवेत, म्हणून ती चित्रपट्टी आणि 'अजून' कार्ड दप्तरात ठेवा. काही फेकलं की शाळा तुम्हाला फोन करून त्याला घरी न्यायला लावत असेल, तर ते थांबवा. वर्ग टाळण्याचा तो सोपा रस्ता होईल. तिथे कोणी हात उचलत असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या.