कार्यशाळा झाली, पण सत्रं पूर्वीसारखीच

प्रश्न : आमच्या केंद्रात नऊ समुपदेशक आहेत. ब्रीफ थेरपीची, म्हणजे मोजक्या सत्रांत करायच्या समुपदेशनाची, दोन दिवसांची कार्यशाळा सगळ्यांना आवडली, पण तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा कार्यशाळा घ्यावी का?

उत्तर : नको. तोच वेळ नंतरच्या सरावाला द्या. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली १४० व्यावसायिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं, म्हणजे बदलाची इच्छा माणसाच्या स्वतःच्याच बोलण्यातून पुढे आणणाऱ्या संवादपद्धतीचं, प्रशिक्षण. नुसती कार्यशाळा केलेल्यांपेक्षा, नंतर स्वतःच्या सत्रांवर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य जास्त टिकलं.

तिघातिघांचे गट करा : एक समुपदेशक, एक भेटीला आलेली व्यक्ती, एक निरीक्षक. रोलप्ले दहाच मिनिटं. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, समुपदेशकाची वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्यायची. मग त्यातलं एक वाक्य निवडून तिथून पुढची दोन मिनिटं पुन्हा करायची. बहुतेक ठिकाणी चर्चेत वेळ संपतो आणि हे ‘पुन्हा’ राहून जातं. नवं वाक्य तोंडात बसतं ते मात्र इथेच.

दर पंधरा दिवसांनी, लेखी संमती घेऊन, खऱ्या सत्राचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण एकत्र ऐका. कागदावर चार रकाने आखा : बंद प्रश्न (उत्तर हो-नाहीत संपणारे), खुले प्रश्न, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, सल्ला. प्रत्येक वाक्याला एक रेघ. सुरुवातीला सल्ल्याचा रकाना भरणारच. बाहेर रांग असताना सल्ला देऊन मोकळं होणं सोपं असतं. त्यावरून कुणाला बोलू नका. पुढच्या पंधरवड्यासाठी प्रत्येकाने एकच सवय निवडावी.

प्रश्न : ‘ब्रीफ’ म्हणजे नेमकी किती सत्रं?

उत्तर : पद्धतीनुसार बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ या समुपदेशन पद्धतीत ९० मिनिटांची पाच सत्रं असतात.

प्रश्न : ‘० म्हणजे सगळ्यात वाईट, १० म्हणजे हवं तसं; ० ते १० मध्ये आज तुम्ही कुठे?’ असं विचारलं की लोक आकडा सांगतात आणि गाडी तिथेच अडते.

उत्तर : खरं काम त्यानंतरच्या प्रश्नाचं आहे. कुणी ‘तीन’ म्हणालं की आपल्या तोंडून निघतं, ‘मग अडचण काय येते?’ आणि उरलेलं सत्र अडचणींतच जातं. त्याऐवजी विचारा, ‘तीन कशामुळे? शून्य का नाही?’ आणि गप्प बसा. शांतता सहन न होऊन आपणच उत्तर सुचवतो, ती मोठी चूक. ‘निदान रोज आंघोळ तरी करते,’ असं काहीतरी येईल. ते धरून ठेवा : ‘इतकं जड वाटत असताना ते कसं जमवता?’ मग, ‘चार झालं तर घरात आधी कुणाच्या लक्षात येईल? कशावरून?’ एकदम दहाचं विचारू नका.

‘शून्य’ म्हणाले तर, ‘मग आजचा दिवस कसा काढलात?’ आणि जीव द्यायचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का, हे त्याच भेटीत सरळ शब्दांत विचारायचंच. ‘हो’ म्हणाले तर आकडे बाजूला ठेवा, व्यक्तीला एकटं सोडू नका, वरिष्ठांना लगेच बोलवा आणि सुरक्षेचा आराखडा (असे विचार आले तर काय करायचं, कुणाला बोलवायचं) तिच्याबरोबर बसून लिहा. रोलप्लेमध्ये याचाही सराव घ्या. हा प्रश्न पहिल्यांदा विचारताना अनुभवी माणसाचाही आवाज अडखळतो.