गाणं आजीचं, पीएच.डी. तुझी

पत्र : मी अमळनेर तालुक्यातली. विशारद झाले आहे, आता संगीतात एम.ए. करते आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माझी आजी आणि तिच्या मैत्रिणी झोक्यावर जी अहिराणी गाणी म्हणतात, त्यांवर पीएच.डी. करावी असं मनात आहे. पण एक सर म्हणाले, "संगीतशास्त्रात चाल बघायची असते. गाणारी कोण, गाव कोणतं, हे समाजशास्त्रवाल्यांचं काम." आणि घरचे विचारतात, यात नोकरी कुठे? काय करू?

उत्तर : पोरी, घरच्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. कॉलेजात शिकवायचं तर नेट ही पात्रता परीक्षा दे, त्यात संगीत हा विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि घरच्यांवर भार पडत नाही. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपयांची. त्यात लोककलाही बसतात. आकाशवाणी जळगावची स्वरपरीक्षा दे. कॉलेजातल्या संगीताच्या जागा मोजक्या आहेत, हे वडिलांपासून लपवू नकोस. बी.एड. करून ठेवलंस तर ते वाया जाणार नाही.

सरांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

तिशीत असताना मी एका गावात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या रात्री बसून एका बाईंची गाणी टिपली होती. ती एका दिवाळी अंकात लेख म्हणून छापून आली. खाली माझं नाव, आणि गाण्यांपुढे 'पारंपरिक' एवढंच. अंक घेऊन मी मोठ्या कौतुकाने त्या बाईंकडे गेलो. त्यांच्या नातीने लेख वाचून दाखवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मन्हं नाव कोठे शे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यातली दोन कडवी तर त्यांनी स्वतः रचलेली होती, आणि ते विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

आपल्याकडे हे नीट केल्याचं उदाहरण घरचंच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या ओठावरची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली पुस्तक आलं, ते त्यांच्या नावाने. 'खान्देशातील स्त्रीगीते' असं मोघम नाव देऊन, संकलक म्हणून मुलाचं नाव टाकून ते छापलं असतं तर? तू ज्या विद्यापीठात पीएच.डी. करशील त्याला आज ज्यांचं नाव आहे, त्या आपल्याला ठाऊकच झाल्या नसत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता इंटरनेटवर वाचायला मिळतात, आणि गाणारणीचं नाव, गाव, तालुका ओवीसोबत दिलेला असतो. प्रबंधाची परिशिष्टं कशी करायची, ते तिथे बघ.

सर म्हणतात तशी 'नुसती चाल' बघायला बसलीस तरी सुटका नाही. झोक्यावरचं गाणं भातखंडे लिपीत, म्हणजे संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या स्वरलेखनाच्या पद्धतीत, उतरवून बघ. मात्रांच्या चौकटी पाडाव्या लागतात, पण झोक्याची लय चौकटीत बसत नाही. आजी श्वास घेते तिथे काय लिहिशील? तिचा गंधार (ग हा स्वर) कोमलाच्या थोडा वर, शुद्धाच्या थोडा खाली लागत असेल, पण कागदावर एकच लिहिता येतो. कोणता तरी एक निवड, पण तो आपण निवडलाय हे तळटीपेत लिही. नाहीतर उद्या कुणी तुझा कागद हातात घेऊन आजीलाच म्हणेल की तिचा सूर चुकतो. 'पिलू रागाचं अशुद्ध रूप' असलं वाक्य तर लिहूच नकोस. झोक्यावरच्या त्या बायका पिलू गायला बसलेल्याच नसतात.

यात शास्त्राशी वैर काहीच नाही. भातखंड्यांनी १९१० साली आपल्या ग्रंथाला 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' असं नाव दिलं. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जातं ते, लक्षण म्हणजे नियम. गाणारे आधी येतात, नियम मागून. तेराव्या शतकात अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, देवगिरीला बसून 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही देशोदेशीच्या लोकांना आपापल्या आवडीने रिझवतं ते देशी संगीत, असंच सांगितलं. लोक वगळून चाल बघ, असं आपलं जुनं शास्त्रसुद्धा म्हणत नाही.

हा वाद आपल्याच कॉलेजात आहे असं समजू नकोस. २०१९ साली अमेरिकेत सोसायटी फॉर म्युझिक थिअरीच्या अधिवेशनात फिलिप इवेल या अभ्यासकांनी मांडलं की तिथे 'संगीतशास्त्र' म्हणून जे शिकवलं जातं ते गोऱ्या युरोपीय संगीताच्या मापाने बेतलेलं आहे, आणि हाइनरिश शेंकर या मोठ्या शास्त्रकाराचे वंशश्रेष्ठत्वाचे विचार झाकून ठेवले गेले आहेत. पुढच्या वर्षी शेंकरविषयक एका नियतकालिकाने इवेलांना उत्तरं देणारा अंक काढला. त्यात एक लेख निनावी होता. सोसायटीच्या कार्यकारिणीने त्या अंकावर टीका केली: लेखांची रीतसर तपासणी झाली नाही, आणि ज्याच्या मांडणीवर चर्चा त्यालाच बोलू दिलं नाही. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. इवेलांशी सहमत व्हायचं की नाही ते तू वाचून ठरव. पण टीका करताना आपलं नाव द्यायचं आणि समोरच्याला बोलायला जागा ठेवायची, ही शिस्त तुझ्या पहिल्या शोधनिबंधापासून पाळ. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन-नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा पेपर असतो. तो लोक उरकून टाकतात, तू उरकू नकोस.

कायद्याचंही थोडं सांगतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला स्वतःचा हक्क आहे, गाणं कुणी रचलं ते माहीत नसलं तरी. २०१२ पासून गाणारी म्हणून आपलं नाव सांगितलं जावं, हे मागण्याचाही हक्क आहे. संशोधनासाठी रेकॉर्डिंग करायला कायदा मुभा देतो, पण तेच यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. अहिराणी गाण्यांना तिथे किती गर्दी असते ते तू जाणतेसच. तुझ्या फायलीतली चाल उचलून उद्या कुणी लग्नाच्या डीजेवर वाजवली आणि मालकी सांगितली, तर आजीच्या मैत्रिणी तुझ्याच दारात येतील. म्हणून परवानगी दोन वेळा घे, रेकॉर्ड करायला एकदा आणि बाहेर द्यायला एकदा. अहिराणीत विचार, आणि कुणी नाही म्हणालं तर ते गाणं सोडून दे. काही गाणी फक्त बायकांतच म्हणायची असतात. ती गाळल्याने प्रबंध उणा होत नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांना एकच विचार: गाणारणींची नावं प्रबंधात कुठे येतील? उत्तर 'ऋणनिर्देशात' असं आलं, तर दुसरे मार्गदर्शक शोध.

आणि या आखाजीला मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी आजीजवळ बस. हे गाणं तिला कुणी शिकवलं, ती बाई कुठल्या गावची, ते विचार. ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिही, मग चालीकडे वळ.