घनवाद्यातला ‘घन’ भरीव नव्हे

प्रश्न असा आहे : शिल्पकार हॅरी बर्टोयाच्या वाजणाऱ्या धातुशिल्पांत नुसत्या बारीक सळया असतात, मग त्यांना टाळ-घंटेसारखं घनवाद्य कसं म्हणायचं?

पुन्हा तेच! घनवाद्य म्हणजे ‘भरीव वाद्य’, हे कुणीतरी एकदा सांगितलं आणि सगळ्यांनी पाठ केलं. अहो, मग आतून पोकळ असलेली घंटा घनवाद्यांतून हाकलायची का? भरताने नाट्यशास्त्रात ‘घनं तालस्तु विज्ञेयः’ म्हटलंय. ताल, म्हणजे आपले टाळ. त्यात महत्त्व आपटण्याला.

ढग आणि गणितातला घन सोडून देतो, ते सर्वांना ठाऊक आहेत. खरी गंमत शब्दाच्या मुळात आहे : संस्कृतातलं हन्, म्हणजे मारणे. लोहाराचा घण तो हाच. संस्कृतात अयोघन, लोखंड ठोकायचं साधन. घाव आला घातावरून, घात पुन्हा हन्‌चाच. म्हणजे ‘घणाघात’ या एका शब्दात हन् दोनदा बसलाय, आणि आपण तो पुढाऱ्यांच्या भाषणांवर उधळून मोकळे!

इथे काही पंडित व्याकरणकार पाणिनीचं ‘मूर्तौ घनः’ हे सूत्र पुढे करतात. त्याच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकेत मूर्ती म्हणजे काठिण्य, म्हणून घन म्हणजे घट्ट, भरीव. मान्य. पण ते सूत्रही घन हा शब्द हन्‌पासूनच साधतं, हे सांगायच्या वेळी यांचा घसा का बसतो? माझं मत : ठोकून ठोकून जे घट्ट झालं ते घन. आधी ठोका, मग भरीवपणा. कोशकारांनी क्रम उलटा लावला तर लावो.

बर्टोया (जन्म १९१५, इटली) जगाला तारेच्या खुर्च्यांमुळे माहीत. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका कोठारात त्याने ही शिल्पं मांडली होती. बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या सळया दाटीने उभ्या. हात फिरवला की डोलतात आणि एकमेकींवर आपटतात. म्हणजे घनवाद्यच, बारीक असोत नाहीतर जाड. शिकागोत स्टँडर्ड ऑइलच्या इमारतीपुढे १९७५ मध्ये बसवलेल्या सळया तर वाराच वाजवतो. त्यावर लगेच ‘अनाहत नाद’ म्हणून डोळे मिटणारे भेटतात! अनाहत म्हणजे आघाताविना. त्यातही हन् आहेच. वारा नुसता ढकलतो, पण सळई सळईवर आदळते तेव्हाच नाद निघतो. तो आहतच.