वुपरवर लिहिताना

अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या वुपर नदीवरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. लांबी सुमारे ११६ किलोमीटर, मारिएनहाइडेजवळ उगम, लेव्हरकुझेनला ऱ्हाइनशी संगम, सगळं बरोबर आहे. पण नदी काही डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

सुरुवात पाण्यापासून कर. पश्चिमेकडून येणारे ढग बेर्गिश लांट या तिथल्या डोंगराळ प्रदेशाला अडतात, पाऊस भरपूर पडतो. तिथल्या खडकात चुना कमी, म्हणून पाणी मृदू. नदीकाठच्या एल्बरफेल्ड आणि बार्मेन या गावांतल्या लोकांनी हे बरोबर हेरलं. काठच्या कुरणावर सुताच्या लडी पसरायच्या, नदीचं पाणी शिंपडायचं, उन्हात वाळवायच्या, वाळल्या की पुन्हा शिंपडायचं. दिवसामागून दिवस असं केलं की मळकट सूत पांढरंशुभ्र व्हायचं. १५२७ मध्ये ड्यूकने बेर्ग संस्थानापुरता या धंद्याचा मक्ता या दोनच गावांना दिला. पांढऱ्या सुतामागोमाग रंगारी आले, रंगाऱ्यांमागून रसायनांचे कारखाने. बायर कंपनी १८६३ मध्ये बार्मेनलाच रंग बनवण्यासाठी सुरू झाली, हा योगायोग समजू नकोस.

त्याची किंमत नदीने मोजली. बार्मेनमध्येच जन्मलेल्या फ्रेडरिक एंगल्सने, म्हणजे कार्ल मार्क्सच्या पुढच्या काळातल्या सहकाऱ्याने, १८३९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, लिहून ठेवलंय की वुपरचं लाल पाणी हे लढाईतलं रक्त नव्हे, रंगशाळांमधून येणारा तुर्की लाल रंग आहे. हा उल्लेख तुझ्या टिपणात हवाच.

झोलिंगेनच्या पाणचक्क्या, जिथे पात्यांना धार लावत, त्या चार ओळींत उरक. हवेतल्या रेल्वेला मात्र जागा दे. दरी इतकी चिंचोळी की जमिनीवर रूळ टाकायला वावच नव्हता, म्हणून १९०१ मध्ये गाडी नदीवरच टांगली. तेरा किलोमीटरपैकी सुमारे दहा किलोमीटर ती पाण्यावरून जाते. दोन्ही काठांवर पाय रोवून उभ्या असलेल्या पोलादी कमानी, रुळाखाली लोंबकळणारा डबा आणि वळणावर बाहेर झुकणारा त्याचा तळ, हे सगळं नीट रंगव. पाणी वापरून झाल्यावर माणसांनी नदीवरची रिकामी हवाही कामाला लावली, हे मला फार विलक्षण वाटतं.

१९८७ चं वुपर धरण तू एका वाक्यात गुंडाळलंस, तिथे मात्र थांब. पुराचं पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात नदी आटू लागली की सोडायचं, अशी दोन्ही कामं त्याच्यावर आहेत. पुरासाठी धरण रिकामं हवं, उन्हाळ्यासाठी भरलेलं. जुलै २०२१ मध्ये ते भरून ओसंडलं आणि खालची गावं पाण्यात गेली. हा पेच नीट मांड आणि रविवारपर्यंत नवा खर्डा पाठव.